आदेश-वाहक: बाहेरच्या कमांडचे आउटपुट प्रोग्रामच्या आत घेणे (प्रकल्प नोंदी)

३ मार्च २०२५

ध्वनिमुद्रणांचा संग्रह तपासणाऱ्या पायथन प्रोग्रामसाठी एक स्वतंत्र मॉड्यूल लिहायला घेतले. काम एकच: बाहेरची कमांड चालवायची आणि ती जे सांगते ते पूर्ण आणि जसेच्या तसे परत आणायचे. कमांड ठरलेल्या आहेत. फाइलची माहिती काढायला एफएफप्रोब, डिकोड चाचणीला आणि रूपांतराला एफएफएमपेग, चेकसमसाठी (फाइल बदलली का ते ओळखण्याचा आकडा) एसएचए२५६सम, प्रत ठेवायला आरसिंक आणि यादीच्या इतिहासासाठी गिट.

कमांडचे उत्तर चार ठिकाणी विखुरलेले असते: स्टँडर्ड आउटपुट (नेहमीचे उत्तर), स्टँडर्ड एरर (चुका आणि इशारे), एक्झिट कोड (संपताना दिलेला यश-अपयशाचा आकडा) आणि ती कशी संपली, म्हणजे आपणहून की सिग्नलने (बाहेरून आलेल्या थांबण्याच्या सूचनेने). यांतले एकही गाळणारे फंक्शन मॉड्यूलमध्ये ठेवायचे नाही. परत मिळणाऱ्या नोंदीची घरे अशी ठरवली:

आदेश – आर्ग्युमेंटची (कमांडचे नाव आणि तिला दिलेले शब्द) यादी, जशी दिली तशी
बाहेर – स्टँडर्ड आउटपुटचे बाइट
तक्रार – स्टँडर्ड एररचे बाइट
समाप्ती – एक्झिट कोड किंवा सिग्नलचा क्रमांक
वेळ – सेकंद
पूर्ण – खरे किंवा खोटे

सगळ्यात महत्त्वाचे घर शेवटचे. प्रोसेस (चालू असलेली कमांड) आपणहून संपली, दोन्ही पाइप (आउटपुट आणि एरर आपल्यापर्यंत आणणारे मार्ग) शेवटपर्यंत वाचले गेले आणि आकाराची मर्यादा ओलांडली गेली नाही, तरच ‘पूर्ण’ खरे. ते खोटे असताना कोणी ‘बाहेर’ वाचायला गेले तर एक्सेप्शन उठवायचे. अर्धवट चेकसम यादी पूर्ण समजून पुढे गेली, तर न तपासलेल्या फाइली तपासल्याच्या नोंदीत जातात आणि महिनोन्महिने कोणाच्या लक्षात येत नाही. तेवढ्यासाठी हा कडकपणा हवा.

४ मार्च

शेल (कमांडची ओळ वाचून तिचा अर्थ लावणारा प्रोग्राम) वापरायचे नाही. आर्ग्युमेंट यादीनेच द्यायचे. ‘मुलाखत १ & २; अंतिम’ असे नाव शेलकडे गेले की ‘&’पाशी एक कमांड तुटते, ‘;’पाशी दुसरी, आणि ‘अंतिम’ नावाची कमांड शोधली जाते. अवतरणे लावून हे झाकता येते, पण नावातच अवतरण आले की पुन्हा तेच. यादी दिली की नाव थेट एक्झेकपर्यंत (प्रोग्राम सुरू करणारा सिस्टिम कॉल) एका तुकड्यात पोहोचते आणि मधे अर्थ लावणारे कोणी नसते.

शेल गेले तरी दोन अडचणी उरतात. नावाची सुरुवात हायफनने झाली तर कमांड त्याला पर्याय समजते. सुरुवातीला रोमन अक्षरे आणि मग कोलन आला तर एफएफएमपेग तो प्रोटोकॉल समजतो. दोन्हींवर उपाय एकच: फाइलचा मार्ग मुळापासून पूर्ण द्यायचा. मग पहिले अक्षर नेहमी तिरकी रेघ असते आणि दोन्ही गैरसमज टळतात.

आर्ग्युमेंटच्या लांबीलाही हद्द आहे. लिनक्सवर एका आर्ग्युमेंटला १,३१,०७२ बाइट. स्टॅकची मर्यादा नेहमीची ८ एमबी असेल तर सगळी आर्ग्युमेंट आणि एन्व्हायर्नमेंट (प्रोग्रामला मिळणारी सेटिंगची व्हेरिएबल) मिळून त्याचा चौथा भाग, म्हणजे २ एमबी. देवनागरीतले प्रत्येक चिन्ह यूटीएफ-८ (अक्षरे बाइटमध्ये लिहिण्याची पद्धत) मध्ये ३ बाइट घेते, म्हणून लांब नावांच्या यादीत ही हद्द अपेक्षेपेक्षा लवकर येते. आरसिंकला यादी आर्ग्युमेंटमधून न देता ‘फाइल्स-फ्रॉम’ पर्यायाने स्टँडर्ड इनपुटवरून द्यायची, आणि नावे शून्य बाइटने वेगळी करायची. लिनक्सवर फाइलच्या नावात नवी ओळसुद्धा चालते. चालत नाहीत फक्त तिरकी रेघ आणि शून्य बाइट.

कमांडच सापडली नाही तर शेल १२७ देते. शेल नसताना पायथन ‘फाइल नॉट फाउंड’ एरर उठवते. पण कामाची डिरेक्टरी अस्तित्वात नसेल तरीही तोच एरर येतो, म्हणून संदेश लिहिताना एररमधले फाइलनेम पाहायचे. नाहीतर इन्स्टॉल असलेल्या एफएफप्रोबचा शोध सुरू होतो.

६ मार्च

पाइप तुंबण्याची चाचणी. बहुतेक घरगुती रॅपर इथेच अडकतात, म्हणून सविस्तर लिहून ठेवत आहोत.

मांडणी: दोन पाइप, एक आउटपुटचा, एक एररचा. पालक प्रोसेस आधी आउटपुटचा पाइप शेवटपर्यंत वाचते, मग एररचा. चाइल्ड (पालकाने सुरू केलेली प्रोसेस) म्हणून एक छोटी स्क्रिप्ट, जी एका दमात ठरावीक बाइट स्टँडर्ड एररवर लिहिते आणि मग आउटपुटवर ‘झाले’ लिहून संपते.

६५,५३६ बाइट लिहिले: क्षणात संपते, दोन्ही उत्तरे बरोबर.
६५,५३७ बाइट लिहिले: कायमचे थांबते.

एस्ट्रेस (प्रोसेसचे सिस्टिम कॉल दाखवणारे साधन) लावून पाहिले तर चाइल्ड ‘राइट(२,’ या अर्ध्या ओळीवर उभा दिसतो आणि पालक ‘रीड’वर. लिनक्समध्ये २.६.११ पासून पाइपची क्षमता मुळात ६५,५३६ बाइट आहे. एररचा पाइप भरला की चाइल्ड जागा मोकळी व्हायची वाट पाहतो. पालक आउटपुट संपायची वाट पाहतो, आणि चाइल्ड पुढे गेल्याशिवाय ते संपणार नाही. प्रोसेसरचा वापर शून्य, लॉगमध्ये काही नाही.

या आकड्यावर विसंबून काही बांधायचे नाही. कर्नल (सिस्टिमचा गाभा) पाइपची जागा पानांत (मेमरीच्या ठरावीक तुकड्यांत) मोजते. लहान-मोठ्या तुकड्यांत लिहिले की काही पाने अर्धी रिकामी राहतात आणि तुंबणे ६५,५३६ च्या आधीच होते. एका वापरकर्त्याचे खूप पाइप उघडे असतील तर नवा पाइप मुळातच लहान मिळतो. क्षमता वाढवता येते, साध्या वापरकर्त्याला मूळ सेटिंगमध्ये १ एमबीपर्यंत. पण त्याने रोग जात नाही, मोठ्या फाइलपर्यंत लांबतो एवढेच. चाचणीत न दिसणारा दोष जास्त घातक.

इलाज: दोन्ही पाइप एकाच वेळी वाचणे. पायथनच्या ‘कम्युनिकेट’मध्ये हे आहेच, युनिक्स प्रकारच्या सिस्टिमवर पोलसारख्या यंत्रणेने, विंडोजवर थ्रेड लावून. पण ते सगळे मेमरीत साठवते आणि आपल्याला आकाराची मर्यादा हवी आहे. म्हणून ‘सिलेक्टर्स’ मॉड्यूल वापरून स्वतःचा लूप लिहिला. जो पाइप तयार असेल त्यातून ६५,५३६ पर्यंत बाइट घ्यायचे, रिकामे उत्तर आले की तो पाइप संपला, दोन्ही संपले की ‘वेट’. तो ‘वेट’ सोडायचा नाही, नाहीतर संपलेली प्रोसेस झोंबी होऊन प्रोसेसच्या यादीत राहते.

मर्यादा: ‘बाहेर’साठी १६ एमबी, ‘तक्रार’साठी १ एमबी. मर्यादा ओलांडली म्हणून नुसते वाचणे थांबवले तर चाइल्ड पुन्हा तुंबतो. म्हणून प्रोसेस मारायची, ‘पूर्ण’ खोटे करायचे आणि तोवरचे बाइट फक्त निदानासाठी ठेवायचे.

स्टँडर्ड एरर आउटपुटमध्येच मिसळायचा सोपा मार्ग आहे, त्याने तुंबणेही टळते. आपल्याला तो चालणार नाही. एफएफप्रोबच्या जेसनमध्ये (माहिती मांडण्याचा ठरलेला साचा) एक जरी इशाऱ्याची ओळ घुसली तरी ते वाचणारा पार्सर सगळे उत्तर नाकारतो.

७ मार्च

स्टँडर्ड इनपुट: काही द्यायचे नसेल तर शून्य उपकरण (ज्यातून वाचायला काहीच मिळत नाही) जोडायचे, नेहमी. एफएफएमपेग चालू असताना कळा वाचतो, ‘क्यू’ आला की थांबतो. याद्या ओळीओळीने वाचणाऱ्या लूपमध्ये तो ठेवला तर यादीतल्या पुढच्या नावांची अक्षरे तोच गिळतो. एसएसएच असेच करते. एफएफएमपेगला ‘नोएसटीडीइन’ हा पर्याय वेगळा द्यायचाच.

११ मार्च

एक्झिट कोडचा तक्ता केला. शून्य म्हणजे यश आणि बाकी अपयश, हे सरसकट धरून भागत नाही.

ग्रेप (मजकूर शोधणारी कमांड): ० सापडले, १ सापडले नाही, २ खरी चूक. डिफ (दोन फाइलींतला फरक दाखवणारी): ० सारखे, १ फरक आहे, २ चूक. आरसिंक: २३ म्हणजे काही भाग गेला नाही, २४ म्हणजे काम चालू असताना मूळ फाइली नाहीशा झाल्या. ज्या ठिकाणी तात्पुरत्या फाइली असतात तिथे २४ स्वीकारायचा. संग्रहाच्या मुख्य डिरेक्टरीत नाही. म्हणून कोणते कोड चालतील हे प्रत्येक हाकेबरोबर द्यायचे, मॉड्यूलने अंदाज बांधायचा नाही.

एफएफएमपेगचे प्रकरण वेगळे. पूर्ण फाइल डिकोड करून आउटपुट ‘नल’कडे पाठवायचे आणि लॉगची पातळी ‘एरर’ ठेवायची, ही ओळखीची चाचणी. मधे खराब फ्रेम असली तरी तो स्टँडर्ड एररवर तक्रार लिहितो, पुढे जातो आणि शेवटी ० देऊ शकतो. फक्त कोड पाहणारा कार्यक्रम अशी फाइल निरोगी ठरवतो. ‘एक्सएरर’ पर्याय दिला तर तो पहिल्या चुकीलाच थांबतो, पण मग फाइलमध्ये एक जागा खराब आहे की शंभर, ते कळत नाही. आपल्याला नुकसानाचा अंदाज हवा आहे. म्हणून तो पर्याय न देता असा नियम केला: कोड ० आणि ‘तक्रार’ रिकामी, दोन्ही असेल तरच फाइल उत्तीर्ण.

सिग्नलने मेलेली प्रोसेस पायथनमध्ये उणे क्रमांकाने दिसते, ९ नंबरच्या सिग्नलने मेली तर उणे ९. तीच गोष्ट शेलमधून १३७ दिसते, कारण शेल १२८ मिळवते. लॉगमध्ये सिग्नलचे नाव लिहायचे, म्हणजे दोन्हींची गल्लत होत नाही. मोठ्या रूपांतरात उणे ९ दिसला की आधी कर्नलच्या लॉगमध्ये मेमरी संपल्याची नोंद पाहायची.

इन्स्टॉलच्या जुन्या बॅश स्क्रिप्टांसाठी दोन दुरुस्त्या. ‘लोकल’ (फंक्शनपुरते व्हेरिएबल घोषित करणे) आणि कमांड सब्स्टिट्यूशन (कमांडचे आउटपुट मूल्य म्हणून घेणे) एकाच ओळीत लिहिले की मिळतो तो ‘लोकल’चा कोड, म्हणजे जवळजवळ नेहमी ०. घोषणा एका ओळीत, मूल्य दुसऱ्या ओळीत. आणि पाइपलाइनचा कोड मुळात शेवटच्या कमांडचा असतो. ‘पाइपफेल’ लावले की आधीच्या कमांडचे अपयशही दिसते. मात्र शेवटी ‘हेड’ असेल तर लिहिणारी कमांड सिग्नल १३ ने मरून १४१ येऊ शकतो, आणि तो दोष नव्हे. कमांड सब्स्टिट्यूशन शेवटच्या सगळ्या नव्या ओळी कापते आणि शून्य बाइट टाकून देते, हेही लक्षात ठेवायचे. बाइट जसेच्या तसे हवे असतील तर त्या वाटेने जायचे नाही.

१३ मार्च

बाइट आणि अक्षरे. एका अंतर्गत स्क्रिप्टचे आउटपुट ४,०९६ बाइटच्या तुकड्यांत वाचून प्रत्येक तुकडा वेगळा डिकोड करून पाहिला. इनपुट म्हणून ‘म’ हे एकच अक्षर हजारो वेळा. यूटीएफ-८ मध्ये ‘म’चे ३ बाइट: सोळाच्या पायात ई०, ए४, एई. ४,०९६ ला ३ ने भागले की १,३६५ अक्षरे पूर्ण बसतात आणि १ बाइट उरतो. पहिल्या तुकड्याच्या शेवटी एकटा ई० राहतो, दुसऱ्याच्या सुरुवातीला ए४ एई. दोन्हीकडे अक्षराच्या जागी प्रश्नचिन्हाचा चौकोन. ६५,५३६ चा तुकडा घेतला तरी भागून बाकी १ च. रोमन अक्षरांच्या चाचणीत हे कधीच दिसणार नाही, म्हणून चाचणीचा मजकूर देवनागरीतच ठेवला.

नियम: मॉड्यूल बाइटच परत देईल, डिकोड शेवटी एकदाच. चालू आउटपुट दाखवायचे असेल तिथे इन्क्रिमेंटल डिकोडर, जो उरलेला बाइट पुढच्या तुकड्यासाठी धरून ठेवतो. जेसनला कडक डिकोड. बाइट चुकीचे असतील तर तिथेच कळू द्या. फाइलच्या नावांना ‘सरोगेटएस्केप’ (न वाचता येणारे बाइट जपून ठेवणारी डिकोड पद्धत), कारण जुन्या डिस्कवरची नावे यूटीएफ-८ असतीलच असे नाही, आणि ती फाइल पुन्हा उघडता आली पाहिजे.

पायथनचा टेक्स्ट मोड आणखी एक काम करतो: ‘कॅरेज रिटर्न’चे नव्या ओळीत रूपांतर. प्रगती दाखवणारी एकच ओळ मग शेकडो ओळी होऊन येते.

एसएचए२५६समला फाइलचे नाव द्यायचेच नाही असे ठरले. नावात बॅकस्लॅश किंवा नवी ओळ असली की ती कमांड नाव एस्केप करते आणि ओळीच्या आरंभी एक बॅकस्लॅश लावते, मग पहिली ६४ अक्षरे चेकसम धरणारा कोड एका अक्षराने सरकतो. फाइल स्टँडर्ड इनपुटवर जोडली की नावाच्या जागी फक्त हायफन येतो.

१८ मार्च

चालू प्रगती. रूपांतर सुरू असताना पडद्यावर काहीच येत नाही आणि शेवटी सगळे एकदम येते, अशी स्थिती काही कमांडींत दिसली. कारण पाइपमध्ये नसून चाइल्डच्या पोटात आहे. सीची लायब्ररी समोर टर्मिनल असेल तर ओळ संपली की मजकूर बाहेर सोडते. पाइप असेल तर बफर (तात्पुरती साठवण) भरेपर्यंत धरून ठेवते. पालकाने कितीही तत्परतेने वाचले तरी जे लिहिलेच गेले नाही ते मिळणार कुठून?

उपायांचा क्रम असा. आधी त्या कमांडचा स्वतःचा पर्याय शोधायचा: ग्रेपला ‘लाइन-बफर्ड’, आरसिंकला ‘आउटबफ’ला ‘एल’, पायथन स्क्रिप्टला ‘यू’. तो नसेल तर कोअरयुटिल्समधला ‘एसटीडीबफ’. तो आपली लायब्ररी प्रीलोड करून काम साधतो, त्यामुळे स्टॅटिक बांधणीच्या किंवा सीचे बफर न वापरणाऱ्या प्रोग्रामवर चालत नाही. अगदी शेवटी स्यूडो-टर्मिनल. त्यात कमांडला खरेच टर्मिनल असल्यासारखे वाटते, पण किंमत मोठी: दोन्ही प्रवाह एक होतात, प्रत्येक नव्या ओळीआधी कॅरेज रिटर्न येतो, रंगांचे कोड घुसतात, आणि लिनक्सवर शेवट रिकाम्या उत्तराने न कळता इनपुट-आउटपुट एररने कळतो. सध्या त्याची गरज नाही.

एफएफएमपेगसाठी ‘प्रोग्रेस’ पर्याय ‘पाइप:१’ देऊन वापरला. ठरावीक अंतराने ‘नाव=मूल्य’ अशा ओळींचा गट येतो, प्रत्येक गटाच्या शेवटी ‘प्रोग्रेस=कंटिन्यू’, अगदी शेवटी ‘प्रोग्रेस=एंड’. माणसासाठी छापलेली ‘फ्रेम… स्पीड…’ ओळ फोडत बसण्यापेक्षा हे कितीतरी खात्रीचे.

२१ मार्च

वेळमर्यादा. चाचणीची कमांड: शेलमधून ‘स्लीप ६०’, आणि मग ‘झाले’ छापणे. मर्यादा २ सेकंद.

मर्यादा संपल्यावर ‘किल’ आणि मग ‘कम्युनिकेट’ हा नेहमीचा क्रम चालवला: परत यायला पूर्ण ६० सेकंद. ‘किल’ने शेल मेले, पण स्लीप ही शेलची चाइल्ड, ती जिवंतच. पाइपचे लिहिण्याचे टोक तिच्याकडेही वारशाने आलेले असते. ते एक जरी टोक उघडे असले तरी वाचणाऱ्याला शेवट दिसत नाही. पायथनचे ‘रन’ आता युनिक्स प्रकारच्या सिस्टिमवर फक्त आपल्या चाइल्डची वाट पाहते, त्यामुळे ते २ सेकंदांत परतते. पण स्लीप मागे चालूच राहते. स्लीपच्या जागी मोठे रूपांतर असते तर दुसरा प्रयत्न सुरू झाल्यावर एकाच फाइलवर दोघे लिहीत बसले असते.

म्हणून प्रत्येक कमांड नव्या सेशनमध्ये सुरू करायची, म्हणजे तिची आणि तिच्या पोरांची मिळून एक वेगळी प्रोसेस-ग्रुप होते. मर्यादा संपली की सबंध ग्रुपला सिग्नल १५, तीन सेकंदांची सवड, मग सिग्नल ९. सवड आवश्यक आहे. आरसिंक तेवढ्यात आपली तात्पुरती फाइल आवरतो. त्यानंतर पाइप वाचणे आणखी एका सेकंदापुरतेच. नेटवर्कच्या स्टोरेजवर अडकलेली प्रोसेस अखंड झोपेच्या अवस्थेत असेल तर सिग्नल ९ नेही ती लगेच जात नाही, आणि तिच्यासाठी सगळा कार्यक्रम थांबवण्यात अर्थ नाही. अशी नोंद ‘पूर्ण: खोटे, प्रोसेस शिल्लक’ अशी लिहायची.

जी प्रोसेस स्वतःच नवे सेशन काढते ती या जाळ्यातून निसटते. तिला धरायला सीग्रुप (कर्नलने एकत्र बांधलेला प्रोसेसचा गट) लागेल, लिनक्स ५.१४ पासून सीग्रुपमधल्या सगळ्या प्रोसेस एका फाइलमध्ये १ लिहून मारता येतात. सध्याच्या कमांडींत तसे कोणी करत नाही.

वेळ संपल्याच्या एक्सेप्शनमध्ये येणारे आउटपुट टेक्स्ट मोड असला तरी बाइटच असते. आपल्याकडे सगळेच बाइट असल्याने फरक पडत नाही, पण ‘रन’ थेट वापरणाऱ्या जुन्या कोडमध्ये तेवढी जागा तपासून घ्या.

नव्या सेशनचा आणखी एक फायदा: नियंत्रक टर्मिनल उरत नाही. पासवर्ड विचारणाऱ्या कमांडी स्टँडर्ड इनपुट सोडून थेट टर्मिनल उघडतात. ते नसले की निमूट अडून न राहता चूक देऊन संपतात.

२५ मार्च

एन्व्हायर्नमेंट. चाइल्डला ‘एलसी_ऑल’ (भाषा-प्रदेशाची सेटिंग, म्हणजे लोकॅल, ठरवणारे व्हेरिएबल) नेहमी ‘सी.यूटीएफ-८’ द्यायचे आणि ‘लँग्वेज’ हे व्हेरिएबल काढायचे. नाहीतर संदेश भाषांतरित होतात, ‘सॉर्ट’चा क्रम बदलतो, काही लोकॅलमध्ये दशांश चिन्हाच्या जागी स्वल्पविराम येतो. तरीही संदेशाचा मजकूर ताडून निर्णय घ्यायचा नाही. तो पुढच्या आवृत्तीत बदलू शकतो. गिटला ‘पोर्सिलेन’ आणि ‘झेड’ पर्याय द्यायचे: ही मांडणी प्रोग्रामनी वाचण्यासाठीच स्थिर ठेवली आहे.

डिस्कवरची मोकळी जागा पाहायला ‘डीएफ’ चालवणारी जागा काढून टाकली. पायथनमध्ये ‘डिस्क_युसेज’ आहे. जे सिस्टिम कॉलने मिळते त्यासाठी प्रोसेस सुरू करून तिचा तक्ता फोडण्यात काही हशील नाही.

२७ मार्च

चाचणीसाठी खोटी कमांड लिहिली. तिला सांगता येते: आउटपुटवर इतके बाइट, एररवर इतके, इतके सेकंद थांब, हा कोड दे किंवा हा सिग्नल घेऊन मर, एक पोर मागे ठेव. प्रत्येक चाचणीला बाहेरून १० सेकंदांची कडक मर्यादा आहे, कारण तुंबण्याची चाचणी नापास झाली तर ती कधीच संपत नाही. एररवर १,००,००० बाइट, ‘म’चा मजकूर, मागे राहिलेले पोर आणि १६ एमबीपेक्षा एक बाइट जास्त, या चार चाचण्या प्रत्येक बदलानंतर चालल्याच पाहिजेत.

शिल्लक: विंडोजवर प्रोसेस-ग्रुपच्या जागी जॉब ऑब्जेक्ट (तिथला प्रोसेसचा गट) लागेल. तिथे आर्ग्युमेंटची यादी शेवटी एकाच ओळीत जोडली जाते, ती ओळ ३२,७६७ अक्षरांत बसावी लागते आणि प्रत्येक प्रोग्राम ती आपल्या पद्धतीने फोडतो, म्हणून ४ मार्चच्या नावांच्या चाचण्या तिथे नव्याने चालवायच्या आहेत. तोपर्यंत विंडोजवर मॉड्यूल सुरू होतानाच नकार देईल.